वाइनची यादी हातीं आल्यावर

पॅरिस शहरांतल्या भोजनगृहांत जेवावयास बसलेल्या पाहुण्यापुढें दोन कागद येतात, एक खाद्यपदार्थांचा आणि दुसरा वाइनचा. पहिला कागद कसाबसा उलगडतो. शब्द परक्या भाषेंतले असले तरी मासळी, कोंबडी, भाजी, चीज यांपैकीं चार ओळींत कांहींतरी ओळखीचें सांपडतें. दुसरा मात्र पुष्कळदां लहानशा पुस्तकाएवढा जाड असतो, आणि त्यांतलीं नांवें पाहूं गेल्यास तीं पेयाचीं नसून गांवांचीं, टेकड्यांचीं आणि मळ्यांचीं असतात. हें पुस्तक यजमानाच्या हातीं दिलें जातें व बाकीची मंडळी त्याच्या तोंडाकडे पाहूं लागतात. मुलगा किंवा मुलगी परदेशीं नोकरीस असलेलीं कितीतरी मराठी कुटुंबें आज सुटीच्या दिवसांत या शहरांतून जातात. कचेरीच्या कामासाठीं जाणारे निराळेच. घरीं चहाची पत्ती किंवा आंब्याची पेटी निवडतांना ज्याला कोणाची भीति वाटत नाहीं, असा गृहस्थ त्या पुस्तकापुढें एकाएकीं परीक्षेस बसलेल्या विद्यार्थ्यासारखा होतो. मग तो एक तर डोळे मिटून महागांतल्या एखाद्या बाटलीवर बोट ठेवतो, नाहीं तर अगदीं स्वस्त मागण्याचा संकोच वाटून यादीच्या मध्यावर कोठें तरी आसरा घेतो. दोन्ही वेळां निवड जिभेनें केलेली नसते, लाजेनें केलेली असते. आणि भोजनगृहाच्या मालकास ह्या लाजेची किंमत चांगली ठाऊक असते.

दुकानांत जी बाटली दहा युरोंस मिळते तीच भोजनगृहाच्या यादींत पंचवीस-तीस युरोंस लावलेली आढळते. ही सरसकट लूट आहे असें मात्र नाहीं. जागेचें भाडें, फुटणारे पेले, वाढप्यांचे पगार, तळघरांत पडून राहिलेला माल, ह्या सर्वांचा भार जेवणाच्या ताटापेक्षां बाटलीवर चढविणें मालकास सोपें जातें. प्रश्न एवढाच कीं, यादींतल्या कोणत्या ओळीवर तो भार सर्वांत अधिक चढविलेला असतो. लोकांत अशी समजूत आहे कीं, सर्वांत स्वस्त बाटलीच्या वरची जी दुसरी बाटली, तींत मालक अधिकांत अधिक नफा काढतो. कारण कंजूष दिसूं नये म्हणून भित्रें गिऱ्हाईक नेमकें तिच्यावर येतें. लंडनमधील भोजनगृहांच्या याद्या घेऊन दोन अर्थशास्त्रज्ञांनीं ही समजूत तपासून पाहिली आणि २०२१ सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. ती खोटी ठरली. खरेदीच्या मानानें चढविलेली रक्कम यादीच्या मध्याच्या आसपास सर्वांत अधिक आढळली, व दोन्ही टोकांकडे ती कमी होत गेलेली दिसली. म्हणजे जेथें सुरक्षित वाटतें तेथेंच खिसा अधिक कापला जातो. तेव्हां यादींतील स्वस्त ओळ मागण्यांत कमीपणा मानण्याचें कांहींच कारण नाहीं.

आणखी एक गोष्ट. महाग वाइन अधिक चांगली लागते हें खरें, पण तिची किंमत ठाऊक असेल तरच. कॅलिफोर्नियांतील संशोधकांनीं २००८ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकच वाइन लोकांस दोनदां पाजली, एकदां थोडी किंमत सांगून व एकदां पुष्कळ सांगून. पिणारांनीं महाग म्हणून सांगितलेली वाइन अधिक पसंत केली. एवढेंच नव्हे, तर त्या वेळीं त्यांच्या मेंदूचें निरीक्षण चाललें होतें, त्यांत सुखाशीं संबंध असलेला भागही अधिक चेतलेला दिसला. त्याच्याही आधीं, २००१ सालीं, फ्रान्समधील बोर्दो येथें वाइनचें शास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांपुढें पांढरी वाइन तांबडा रंग घालून ठेवण्यांत आली. रंगास वास नव्हता. तरी त्या विद्यार्थ्यांनीं तिचें वर्णन तांबड्या वाइनला लावावयाच्या शब्दांनींच केलें! ही विद्या सगळी ढोंग आहे असा निष्कर्ष कांहीं उतावळे लोक ह्यावरून काढतात. तो बरोबर नाहीं. १९७६ सालच्या मे महिन्यांत पॅरिसमध्यें स्टीव्हन स्परियर नांवाच्या इंग्रज व्यापाऱ्यानें बाटल्यांवरचीं नांवें झांकून फ्रेंच परीक्षकांस वाइन चाखावयास दिली, तेव्हां त्यांनीं पांढरी आणि तांबडी ह्या दोन्ही प्रकारांत पहिला क्रमांक फ्रेंच वाइनला न देतां कॅलिफोर्नियाच्या वाइनला दिला. जीभ त्यांची उत्तम होती. नांव दिसलें असतें तर तीच जीभ निराळें बोलली असती, एवढाच त्याचा अर्थ.

आतां त्या गांवांच्या नांवांकडे वळूं. आपल्याकडे देवगडचा आंबा म्हटला कीं तो हापूस, हें निराळें सांगावें लागत नाहीं. गांवाच्या नांवांतच जात आली. फ्रान्समधील वाइनची यादी नेमकी ह्याच रीतीनें लिहिलेली असते. शाब्ली हें एका गांवाचें नांव. त्या नांवाची वाइन पांढरी आणि ती शार्दोने नांवाच्या द्राक्षाची. पांढरी सांसेर असेल तर तिचें द्राक्ष सोव्हिन्यों ब्लां. बोझोले म्हणजे गामे जातीच्या द्राक्षाची हलकी तांबडी वाइन. बर्गंडी प्रांताची तांबडी बहुधा पिनो न्वार ह्या एकाच द्राक्षाची असते, तर बोर्दोची तांबडी काबर्ने सोव्हिन्यों, मेर्लो इत्यादि द्राक्षांच्या मिश्रणाची. सोतेर्न ही गोड, जेवणाच्या शेवटीं घ्यावयाची. एवढीं पांच-सहा नांवें लक्षांत ठेवलीं तरी यादीचा बराच भाग वाचतां येतो. उत्तरपूर्वेकडील अल्सास प्रांतांत मात्र बाटलीवर द्राक्षाचें नांव लिहिण्याची चाल आहे, त्यामुळें नवख्यास तो प्रांत सोपा वाटतो.

ह्या गांवनांवांस कायद्याचें पाठबळ आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंतून आलेल्या फायलोक्सेरा नांवाच्या किडीनें फ्रान्समधील द्राक्षमळे उध्वस्त केले, माल दुर्मिळ झाला, आणि भलत्याच ठिकाणची वाइन नामांकित गांवांच्या नांवानें विकली जाऊं लागली. पुढें १९३५ सालीं नियंत्रित मूलस्थानाचा कायदा झाला. अमुक नांव लावावयाचें असेल तर द्राक्षें अमुक हद्दींतलीं, अमुक जातीचीं, आणि दर हेक्टरीं अमुक उत्पन्नापेक्षां अधिक नाहीं, असे नियम त्या त्या नांवापुरते घालून देण्यांत आले. नांव खरें असल्याची ही हमी आहे. वाइन तुम्हांस आवडेलच अशी हमी ती नव्हे.

‘ग्रां क्रू क्लासे’ हे शब्द पाहून अनेकजण दिपून जातात. ह्यांचा उगम मोठा मौजेचा आहे. १८५५ सालीं तिसऱ्या नेपोलियनच्या कारकीर्दींत पॅरिसला मोठें प्रदर्शन भरलें, त्यासाठीं बोर्दोच्या दलालांनीं तेथील मळ्यांचे पांच वर्ग पाडून दिले. ते चव घेऊन नव्हे, तर कोणाच्या मालास बाजारांत काय भाव येतो हें पाहून! तीच यादी आजतागायत चालू आहे. इतक्या वर्षांत खालच्या वर्गांतून वर चढलेला मळा एकच, मूतों-रोत्शिल्ड, तोही १९७३ सालीं. मळ्याची मालकी बदलली, जमीन वाढली, हात बदलले, तरी वर्ग तोच. शाळेंत पहिल्या दिवशीं मिळालेल्या बांकावर विद्यार्थ्यानें जन्मभर बसावें तसा हा प्रकार आहे. बर्गंडी प्रांतांत ‘ग्रां क्रू’ ह्याच शब्दांचा अर्थ निराळा होतो. तेथें वर्ग धन्याचा नसून शेताचा असतो. साध्या जेवणास ह्या दोन्ही प्रकारांच्या वाटेस न गेलेलें बरें.

शॅम्पेनच्या बाबतींत एक शब्द हटकून फसवितो. ‘एक्स्ट्रा ड्राय’ म्हणजे अत्यंत कमी गोड असें कोणासही वाटेल. प्रत्यक्षांत तिच्यांत लिटरमागें १२ ते १७ ग्रॅम साखर असते, आणि ‘ब्रूट’ म्हणून लिहिलेलींत १२ ग्रॅमहून कमी. गोडी नको असेल त्यानें ‘ब्रूट’ मागावी.

इतकें वाचूनही यादी कळली नाहीं तर काय करावें? विचारावें. वाइनची व्यवस्था पाहण्यासाठीं मोठ्या भोजनगृहांत स्वतंत्र मनुष्य असतो, त्यास फ्रेंच भाषेंत सोम्मेल्ये म्हणतात. त्याच्या रुबाबानें लोक दबतात. पण तो परीक्षक नसून त्या घरचा जाणकार नोकर आहे, आणि त्याच्या तळघरांत काय चांगलें आहे हें त्याच्याइतकें कोणास ठाऊक असणार? त्याला दोनच गोष्टी सांगावयाच्या असतात. पहिली, जेवणांत काय मागविलें आहे आणि हलकी वाइन हवी कीं भारी. दुसरी, खर्च किती करावयाचा. ही दुसरी गोष्ट पाहुण्यांदेखत बोलण्याचा संकोच वाटत असल्यास यादींतल्या एखाद्या किमतीवर बोट ठेवून ‘ह्या धर्तीची कांहीं तरी’ एवढें म्हणावें. जाणत्या सोम्मेल्येस नांव कोणतें आणि आंकडा कोणता हें बोटाच्या जागेवरून तत्काळ कळतें, व तो त्या आंकड्याची मर्यादा पाळतो. आंकडा सोडून तो वरच वर जाऊं लागला, तर ती उणीव त्याच्या शिक्षणाची. गिऱ्हाइकानें पुन्हां एकदां बोट त्याच जागीं ठेवावें.

लहान भोजनगृहांत हा मनुष्य नसतो व त्याची गरजही नसते. तेथें घरची म्हणून एक वाइन चंबूंतून मिळते. पाव लिटर किंवा अर्धा लिटर, हवी तेवढी घ्यावी. दुपारच्या जेवणास खुद्द फ्रेंच माणसें हीच घेतांना दिसतात, आणि त्यांना त्यांत कांहीं लाजिरवाणें वाटत नाहीं. एकट्यानें पेला मागविला तर त्यांत साधारण साडेबारा सेंटिलिटर वाइन येते. पाऊण लिटरच्या बाटलींत असे सहा पेले बसतात. दोघांनीं दोन-दोन पेले घ्यावयाचे असतील तर चौघांच्या किमतींत बाटली पडते काय, हें आधीं पाहावें. सुट्या पेल्याची वाइन ज्या बाटलींतून ओतावयाची ती केव्हां उघडली आहे, हें विचारण्याचा गिऱ्हाइकास पूर्ण अधिकार आहे. दोन-तीन दिवस उघडी राहिलेली वाइन मरगळते.

बाटली मागविल्यावर एक छोटासा विधि सुरू होतो, आणि बहुतेकांची फजिती येथेंच होते. वाढपी न उघडलेली बाटली आणून यजमानास दाखवितो. येथें मान डोलावून मोकळें होण्यापूर्वीं नांव आणि साल हीं दोन्ही यादीशीं ताडून पाहावींत. साल बदललें कीं किंमतही बदलूं शकते. मग बूच काढून टेबलावर ठेवलें जातें. तें हुंगण्याचें नाटक करण्याची जरुरी नाहीं, बुचाला बुचाचाच वास येणार. नंतर यजमानाच्या पेल्यांत घोटभर वाइन ओतली जाते आणि वाढपी थांबून राहतो. ह्या क्षणीं त्याला काय हवें असतें? पाहुण्यास असें वाटतें कीं, आपलें मत विचारलें जात आहे, आतां कांहीं तरी विद्वत्तापूर्ण बोललें पाहिजे. तसें मुळींच नाहीं. वाइन आवडली कीं नाहीं हा प्रश्नच तेथें नसतो. ती नासलेली आहे कीं चांगली आहे एवढेंच पाहावयाचें असतें. न आवडलेली म्हणून बाटली परत करतां येत नाहीं. बिघडलेली असेल तर ती परत करावयासच हवी.

हा बिघाड कोणता, तें नीट समजून घेण्यासारखें आहे. बूच हें ओक जातीच्या एका झाडाच्या सालीचें करतात. जगांतील निम्म्याच्या आसपास बूच एकट्या पोर्तुगालांतून येतें. ह्या सालींत कांहीं बुरशी वाढतात, त्यांची क्लोरीनयुक्त द्रव्यांशीं गांठ पडली कीं ट्रायक्लोरोअ‍ॅनिसोल नांवाचें एक द्रव्य तयार होतें, आणि बुचांतून तें वाइनमध्यें उतरतें. स्वित्झर्लंडमधील संशोधकांनीं १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभीं ह्या दोषाचें मूळ शोधून काढलें. एक लिटर वाइनमध्यें ह्याचे ग्रॅमच्या एक अब्जांशाचे चार-पांच भाग असले तरी तरबेज नाकास कळतें. प्रकृतीस त्यापासून अपाय नाहीं. पण वाइनचा मूळचा फळासारखा सुवास मारला जाऊन त्या जागीं ओलसर पुठ्ठ्याचा वास येतो. पावसाळ्यांत माळ्यावरची ट्रंक उघडून जुनीं पुस्तकें काढलीं असतां जो वास येतो, तो ज्याच्या ओळखीचा आहे त्याला दुसरें शिक्षण नको. पेला किंचित् फिरवून हुंगावा. तो वास आला तर निःसंकोचपणें सांगावें. चांगल्या भोजनगृहांत वाढपी स्वतः हुंगून पाहतो, आणि वाद न घालतां दुसरी बाटली आणतो. बाटली बिघडली यांत पाहुण्याचा दोष नाहीं, आणि मालकाचाही नाहीं. गप्प बसून ती पिणारा मात्र पैसे देऊन पुठ्ठा पितो.

दुसरे दोष सोपे आहेत. आंबलेली वाइन सिरक्यासारखी लागते. हवा लागून शिळी झालेलीस चेपलेल्या सफरचंदाचा वास येतो आणि पांढऱ्या वाइनचा रंग तपकिरी होऊं लागतो. उलट कांहीं गोष्टी दोषासारख्या दिसतात पण दोष नसतात. बाटलीच्या तळाशीं किंवा बुचाच्या टोकाला खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे कण दिसले तर ते द्राक्षांतल्याच आम्लाचे क्षार होत. जुन्या तांबड्या वाइनच्या तळाचा गाळही नैसर्गिक. ओततांना हात हलका ठेवला म्हणजे झालें. बुचाऐवजीं फिरकीचें झांकण असलें म्हणजे माल हलका, हा समजही टाकून द्यावा. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथील उत्पादकांनीं २००० सालाच्या सुमारास बुचाच्या ह्याच खोडीस कंटाळून आपल्या उत्तम बाटल्यांस फिरकी बसविली.

कोणत्या पदार्थाबरोबर कोणती वाइन, ह्यावर ग्रंथ लिहिले गेले आहेत. पण टेबलावर बसल्यावर त्यांतलें फार थोडें कामास येतें. तांबड्या वाइनमध्यें जो तुरटपणा असतो तो फार वेळ उकळलेल्या चहाच्या तुरटपणाचा सोयरा आहे. मांसाच्या स्निग्धतेबरोबर तो सौम्य होतो, मासळीबरोबर तोंडांत लोखंडासारखी चव सोडतो. माशाचा वास उग्र होण्याचें कारण वाइनमधला लोहाचा अंश असल्याचें जपानी संशोधकांनीं २००९ सालीं दाखवून दिलें. म्हणून मासळीबरोबर पांढरी, ही जुनी चाल निराधार नव्हे. तिखट पदार्थांचा प्रश्न युरोपांतल्या ग्रंथकारांस फारसा पडला नाहीं. मिरचीचा दाह मद्यार्कानें वाढतो, तुरटपणानें अधिकच बोचतो, आणि थोड्याशा गोडीनें निवतो. तेव्हां कोल्हापुरी मटणाबरोबर भारी तांबडी वाइन मागविणें म्हणजे आगींत तेल ओतणें आहे. तेथें किंचित् गोडसर, गार, पांढरी किंवा गुलाबी वाइन बरी.

हा तिखटाचा प्रश्न आज पॅरिसपेक्षां मुंबई-पुण्याच्या भोजनगृहांत अधिक येतो, कारण नाशिकची वाइन आतां तेथील प्रत्येक यादींत आहे. महाराष्ट्र सरकारनें २००१ सालीं द्राक्षप्रक्रियेचें धोरण ठरविलें, तेव्हांपासून गोदावरीच्या खोऱ्यांत हा उद्योग वाढीस लागला. येथील बाटल्यांवर गांवाऐवजीं द्राक्षाचें नांव असतें: शनें ब्लां हें फ्रान्समधील ल्वार नदीकाठचें द्राक्ष, शिराझ म्हणजे रोन नदीकाठचें सिरा. त्यामुळें परदेशांतली यादी वाचावयास शिकलेला मनुष्य येथें अडत नाहीं. युरोपांत द्राक्षें शरदांत उतरतात. नाशिकला छाटणीची वेळ साधून जानेवारी ते मार्च ह्या कोरड्या दिवसांत तोडणी करतात, व त्याच वर्षाचा आंकडा बाटलीवर लागतो. साधी पांढरी आणि गुलाबी वाइन शक्य तितकी अलीकडच्या सालची घ्यावी. एक सूचना मुद्दाम द्यावीशी वाटते. तांबडी वाइन खोलीच्या उष्णतेवर प्यावी, हें वचन युरोपांतल्या थंडगार घरांतून आलेलें आहे. त्या खोलीचा पारा १६ ते १८ अंशांवर असे. मुंबईच्या ३० अंशांत तीच वाइन काढ्यासारखी लागते. बर्फाचें भांडें मागवून तांबडी बाटलीही पाव तास त्यांत ठेवावयास सांगावी. वाढपी चकित झाला तर होऊं द्यावा. आपल्या राज्यांत १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वयें मद्यपानास परवाना लागतो, तो भोजनगृहांतही मिळण्याची सोय असते.

मंडळींत न घेणारे असतात, त्यांचें काय? त्यांनीं पेल्यावर हात आडवा धरला कीं पुरे. फ्रान्समध्यें कारण विचारण्याची चाल नाहीं. साधें पाणी हवें असल्यास ‘काराफ द्’ओ’ म्हणावें. चंबूभर पाणी फुकट मिळतें, नुसतें पाणी म्हटलें तर बाटली येते आणि तिचे पैसे पडतात. न घेणाऱ्यास आग्रह करणें हा आपल्याकडचा दोष तेथें नेऊं नये, विशेषतः आतां. कारण मद्याचें अमुक प्रमाण प्रकृतीस निर्धोक आहे असें म्हणतां येत नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालच्या जानेवारींत स्पष्ट केलें आहे. ज्याला गाडी हांकावयाची आहे त्यानें तर पेला बाजूस सारावाच. फ्रान्समध्यें रक्ताच्या लिटरमागें अर्धा ग्रॅम मद्यार्क ही गाडी हांकणाऱ्याची मर्यादा आहे. भारतांत ती १०० मिलिलिटर रक्तांत ३० मिलिग्रॅम, म्हणजे त्याहूनही कडक.

शेवटीं हिशेबाचा कागद येतो. त्यावर पेल्यांची आणि बाटल्यांची संख्या मोजून पाहावी. फ्रान्समध्यें वाढप्याच्या सेवेचा आकार यादींतल्या किमतींत आधींच धरलेला असतो व तसें कागदावर छापलेलेंही असतें. त्यामुळें अमेरिकेंतल्याप्रमाणें वर पंचमांश रक्कम ठेवण्याचें कारण पडत नाहीं. वाढप्यानें बिघडलेली बाटली विनातक्रार बदलून दिली असेल तर टेबलावर दोन नाणीं ठेवावींत.